ॲक्चुअलीच्या पुढचं

तिच्या नवऱ्याला गल्लीत सगळे ‘ॲक्चुअली’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण फार लपूनछपूनही नव्हे. कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकाला विचारायचा, “ॲक्चुअली येऊन गेले का आज?” आणि तेवढ्यात ही पायरीवर दिसली की जीभ चावायचा. तिला राग यायचा नाही. नाव अगदी मापाने शिवल्यासारखं बसलं होतं.

तो घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. धुलाईयंत्र गळतंय, मिक्सरमधून धूर येतोय, गिझरचं पाणी गंजकट येतंय, अशी माणसं दिवसभर तावातावाने त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. तो नोकरीला लागला तेव्हा कंपनीने बाहेरून एक शिकवणारा आणला होता. त्याने नव्या पोरांना बजावलं की गिऱ्हाइकाला ‘नाही’ कधी म्हणायचं नाही. ‘नाही’ ऐकलं की माणूस पेटतो. आधी ‘ॲक्चुअली’ म्हणायचं, एक श्वास घ्यायचा, मग काय ते सांगायचं. त्या एका श्वासात समोरचा निम्मा थंड होतो. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. याने मात्र गाठ मारून ठेवलं. “ॲक्चुअली, वॉरंटी संपलीये हो तुमची.” “ॲक्चुअली, हा पार्ट आता येतच नाही.” आणि माणसं खरंच थंड व्हायची. निदान तो तरी घरी येऊन तसं सांगायचा.

मग तो शब्दही त्याच्याबरोबर घरी आला आणि घरजावयासारखा ठाण मांडून बसला. “ॲक्चुअली, मीठ जरा पुढे गेलंय.” “ॲक्चुअली, पंखा बंद केला तर बरं.” लग्नाला दोन-चार वर्षं झाल्यावर तो शब्द आला की ती कान टवकारायला लागली, कारण त्याच्या पाठोपाठ चांगलं असं कधी काही यायचं नाही. कुठेतरी जायचं ठरलंय, पिशव्या भरून झाल्यात आणि हा दारात उभा राहून म्हणाला, “ॲक्चुअली...” की लेक तिथल्या तिथे बूट काढायला बसायची. लेकीने त्याची नक्कल तर अशी उचलली होती की विचारू नका. एकदा आतून आवाज आला, “ॲक्चुअली, दूध उतू गेलंय,” तशी ही करवादत धावली, “मग बंद करायला हात नाहीत का तुम्हाला?” बघते तर ओट्यापाशी लेक पोट धरून हसत होती. दूध मात्र खरंच उतू गेलं होतं.

ती स्वतः एका कपडेदुरुस्तीच्या दुकानात काम करायची. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, कोटाचं अस्तर लावायचं. दुकानात न संपलेलं काम ती घरी आणायची आणि संध्याकाळी मशीनवर बसायची. तो शेजारी चहाचा कप घेऊन बसायचा आणि खिडकीवरच्या गोष्टी सांगायचा. एरवी मितभाषी माणूस, पण या वेळी त्याला पालवी फुटायची. हल्लीचंच सांगायचं तर, एक म्हातारा किटली तान्ह्या बाळासारखी शालीत गुंडाळून घेऊन आला होता आणि उघडायला तयारच नव्हता, म्हणे थंडी लागेल. एक बाई तक्रार घेऊन आली की धुलाईयंत्र रात्री रडतं. “मी विचारलं, आवाज कसा येतो? तर तिने तिथे उभ्या उभ्या रडून दाखवलं,” असं तो सांगायचा आणि स्वतःच तो आवाज काढायचा. हसता हसता तिची टीप वाकडी जायची. मग ती उसवत बसायची आणि त्याला शिव्या घालायची.

मधल्या काळात लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली, तिला मुलगी झाली. घरात दोघंच उरली. भांडण नाही, तंटा नाही. बोलणं मात्र आटत गेलं, फक्त संध्याकाळची ती गोष्ट तेवढी चालू राहिली.

त्या दिवशी सकाळी तिला दुकानात लवकर जायचं होतं. एका गिऱ्हाइकाचा कोट दुपारपर्यंत हवा होता आणि खालची दुमड अजून घालायची होती. ती खिडकीजवळ उजेडाला उभी राहून टाचण्या लावत होती. चार टाचण्या ओठांत धरलेल्या. तो पलंगाच्या कडेला मोजे घालत बसला होता. एक मोजा चढवला आणि दुसरा हातात धरून तो म्हणाला,

“ॲक्चुअली, तुला एक सांगायचं होतं.”

तिने मागे न बघता हात वर केला. तोंडात टाचण्या आहेत, थांबा. एवढाच त्याचा अर्थ. तो थांबला. तो नेहमीच थांबायचा. तिने उरलेली कड टाचली, कोट उलटा करून पाहिला, समाधान झालं, ओठांतली शेवटची टाचणी काढली आणि वळून म्हणाली, “हं, बोला आता.”

तो पलंगाच्या दांडीवर कलंडला होता. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मोजा अजून डाव्या हातात होता.

दवाखान्यात सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्हींवर घाला पडलेला. जीव वाचला हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले आणि ती मान डोलावत राहिली. लेक धावत आली. दीर आले. पहिले काही दिवस तो नुसता छताकडे बघत पडून होता. मग एका दुपारी नर्स उशीचा अभ्रा बदलत असताना त्याने हिच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, “ॲक्चुअली.”

तिचा जीव भांड्यात पडला. लेक खाली औषधं आणायला गेली होती. हिने तिथूनच फोन लावला. “अगं, बाबा बोलले!”

“काय बोलले?”

“दुसरं काय बोलणार? ॲक्चुअली!”

दोघी मायलेकी फोनवर हसत-रडत राहिल्या. मग ती त्याच्याजवळ वाकून बसली. “हं, बोला. ऐकतेय मी. ॲक्चुअली काय?”

त्याने तिच्याकडे बघितलं. ओठ जुळवले. कपाळावर आठी पडली. “ॲक्चुअली,” तो म्हणाला. मग पुन्हा, जरा समजावल्यासारखं, “ॲक्चुअली, ॲक्चुअली.” आणि बोलून झाल्यासारखा तिच्या उत्तराची वाट बघत राहिला.

बोलणं सुधारायला घरी एक थेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिने पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगितलं. “ओळखीच्या जिन्यावर आपण पायऱ्या बघत नाही, पाय आपोआप पडतात. तसा तो शब्द पडतोय. इतकी वर्षं वापरलाय की तो बोलण्याच्या जागेतून निघून सवयीच्या जागेत जाऊन बसला. म्हणून तेवढा वाचला.”

“म्हणजे ते मुद्दाम बोलत नाहीत?”

“त्यांना बोलायचं असतं. निघतो तो मात्र हाच. आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःला वाटतं की आपण अख्खं वाक्य बोललो.”

हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला. शाळेत तिचं इंग्रजी जेमतेमच होतं. हा शब्द तिने हजारदा ऐकला होता, पण त्याचा अर्थ काय, हे कधी विचारायची वेळ आली नव्हती. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं.

“अगं, ‘खरं तर’,” लेक म्हणाली. “किंवा ‘वस्तुस्थिती अशी आहे’. समोरच्याला काहीतरी वेगळं वाटत असतं, तेव्हा खरं काय ते सांगायच्या आधी म्हणायचं.”

“आणि नुसतंच म्हटलं तर? पुढे काहीच नाही बोललं तर?”

“तर काहीच नाही, आई. त्या शब्दाचं एकट्याचं काही होत नाही. त्याला पुढे काहीतरी लागतं.”

पण सुरुवातीला त्या एकट्या शब्दावरही बरंच भागलं. ती दुकानातून रजा घेऊन घरी थांबली होती. दिवसभर कानात प्राण आणून ऐकायची. मधला भाग लांबवला तर पाणी हवं असायचं. शेवट तटकन तोडला तर लघवीला. खालच्या पट्टीत, दोनदा, म्हणजे पाठीखालची चादर गोळा झालीये. नापसंतीचा सूर वेगळा, कंटाळ्याचा वेगळा. भाऊजी भेटायला आले की मान वर करून ‘ॲक्चुअली!’ म्हणजे या, बसा. भाऊजी थक्क व्हायचे. “वहिनी, तुम्ही दुभाषी झालात की!” ती हसायची. तिला खरंच वाटायला लागलं होतं की हा शब्द म्हणजे सुईचं भोक आहे, त्यातून दोरा ओवता आला की बाकीचं हळूहळू शिवता येईल.

एकच गोष्ट तिला ओवता येत नव्हती. त्या सकाळी त्याला काय सांगायचं होतं?

ती रोज विचारायची. सकाळी तोंड पुसताना, दुपारी सूप भरवताना. भाऊजी म्हणाले, “निवृत्ती घेतो असं म्हणणार असेल. मला एकदा बोलला होता, दमलोय म्हणून.” लेक म्हणाली, “माझ्याकडे येऊन राहायचं असेल बाबांना.” शेजारीण आपली उगाच म्हणाली, “अहो, काही नसेल. आज डबा नको, एवढंच असेल.” तीही शक्यता होती. पण ती सगळ्यांची समजूत. तिला माहीत होतं की डबा नको असता तर तो ‘तुला एक सांगायचं होतं’ असं म्हणाला नसता. इतक्या वर्षांत त्याने तसं कधीच म्हटलं नव्हतं. आणि तिने हात वर केला होता.

एके दिवशी शेजारणीला त्याच्याजवळ बसवून ती त्याच्या कंपनीत गेली. त्याचा डबा आणि चष्म्याचं घर तिथेच राहिलं होतं, ते आणायचं निमित्त. तक्रारींची खिडकी तिला ठाऊक होती, पूर्वी कधीतरी ती तिथे आली होती. आता तिथे फळी ठोकलेली होती. शेजारी एक उंच यंत्र उभं होतं आणि त्याच्या काचेवर बोट लावून माणसं तक्रार नोंदवत होती. तिला वाटलं, खिडकी दुसरीकडे नेली असेल.

त्याचा जुना सोबती बाहेर आला. डोकं तुळतुळीत, पोट पुढे. गोष्टींमध्ये नवरा त्याला ‘चंद्रोदय’ म्हणायचा, म्हणून तिने लगेच ओळखलं. तो तिला मागच्या बाजूला घेऊन गेला. एक लांबट, बिनखिडकीची खोली. छतापर्यंत मांडण्या, त्यावर खोकी आणि खोक्यांत रबरी चकत्या, बटणं, झाकणं, नळ्या. कोपऱ्यात एक खुर्ची, आणि खुर्चीवर तिने कोटाच्या उरलेल्या कापडातून शिवलेली उशी.

“इथे बसायचे,” चंद्रोदय म्हणाला. “चकत्या मापाप्रमाणे वेगळ्या करायचं काम. वर्ष होऊन गेलं असेल ना, खिडकी बंद झाली त्याला?”

तिने खुर्चीवरची उशी उचलली.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं.

“माहीत होतं की,” ती म्हणाली. “नुसती जागा बघायची होती.”

“इथे कोणी येत नाही हो. बोलायलाही कोणी नसायचं. मी मधूनमधून चक्कर टाकायचो.” मग म्हणाला, “ते एकटेच कधीकधी आवाज काढायचे. वेगवेगळे. मी एकदा दारातून ऐकलं. कोणीतरी बाई रडतेय असं वाटलं मला.”

डबा, चष्म्याचं घर आणि उशी काखोटीला मारून ती घरी निघाली. चालत निघाली, कारण बसमध्ये चारचौघांत बसवलं नसतं. किटलीवाला म्हातारा खिडकी बंद झाल्यानंतरचा होता. रडणारं धुलाईयंत्रही त्यानंतरचंच होतं. तो त्या खोलीत चकत्या निवडत बसायचा आणि संध्याकाळी तिला सांगण्यासाठी माणसं बनवायचा. आवाजाची तालीम करायचा. तिला राग आला का? आला. इतके दिवस कुणाला हसत होतो आपण? मग राग ओसरला आणि त्याच्या जागी एक वेगळीच गोष्ट आली. तिला आनंद झाला. हेच! हेच सांगायचं होतं त्याला. खिडकी गेली, गोष्टी खोट्या होत्या, मला आता होत नाही. किती साधं! सापडलं शेवटी.

घरी पोचल्या पोचल्या तिने शेजारणीला वाटेला लावलं आणि चपलाही न काढता त्याच्यासमोर बसली.

“मला कळलं सगळं. खिडकी बंद झाली ना? मागे बसवलं ना तुम्हाला?”

तो तिच्याकडे बघत राहिला.

“तेच सांगायचं होतं ना त्या दिवशी? आणि ती किटली, ती बाई... तुम्ही रचलंत ना सगळं? अहो, मला काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. तेच ना?”

त्याने मान हलवली. हो. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “ॲक्चुअली,” तो म्हणाला. “ॲक्चुअली, ॲक्चुअली.” तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट आली तेव्हा हिने दारातच सुरुवात केली. सगळं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा खुलला नाही. ती पर्स खाली ठेवून त्याच्यासमोर बसली आणि नेहमीच्या प्रेमळ आवाजात विचारलं, “काका, आज या खोलीत हत्ती आला होता का?”

त्याने मान हलवली. हो.

“काका, तुम्ही शाळेत जाता का रोज?”

हो. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काकू,” थेरपिस्ट हलक्या आवाजात म्हणाली, “हो आणि नाही यांतला फरक त्यांना अजून नीट लागत नाही. समोरचा ज्या सुरात विचारेल, त्या सुरात ते हो म्हणतात. आणि हे रडू... या आजारात रडू असं सहज येतं. त्यावरून काही धरता येत नाही.”

तिचा विश्वास बसेना. ती थेरपिस्टला बाजूला सारून पुढे झाली. “अहो, माझ्याकडे बघा. मी कोण तुमची? आई ना? आई आहे ना मी तुमची?”

त्याने मोठ्या मायेने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. “ॲक्चुअली,” तो म्हणाला.

थेरपिस्ट म्हणत होती, “कदाचित तुम्ही म्हणता तेच सांगायचं असेलही त्यांना. नसेल असं नाही. पण कळायला मार्ग नाही.” हिला त्यातलं एवढंच ऐकू आलं की मार्ग नाही. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर दुसरा विचार आला, त्याने तिची झोप उडवली. पाण्याचा सूर, चादरीचा सूर, ‘या, बसा’चा सूर, हे तरी खरे होते का? का तिनेच विचारलं ‘पाणी हवंय?’, त्याने मान हलवली आणि पाणी तर कोणीही पितं?

तिने दुकान सोडलं. मालक काम घरी धाडायला लागला. पलंग एका खोलीत, मशीन दुसऱ्या खोलीत दाराशी, म्हणजे त्याच्यावर नजर राहील.

सुट्टीत लेक आणि नात येऊन राहिल्या. नात नुकती बोलायला लागली होती. आजोबांच्या पलंगाला धरून उभी राहायची. तो तिला म्हणाला, “ॲक्चुअली.” ती म्हणाली, “अत्तुअली.” त्याचा चेहरा असा फुलला की लेक फोटो काढायला धावली. मग दोघांचं जे सुरू झालं ते सुरूच. तो वरच्या पट्टीत, ती त्याहून वरच्या. तो कुजबुजत, तीही कुजबुजत. दारात उभी राहून ही ते बघत होती. इतक्या महिन्यांत त्याच्याशी कोणी असं बोललं नव्हतं. हत्ती आला का, मी कोण, हे काय, ते काय, अशी परीक्षा न घेता नुसतंच बोलणं.

पण लेकीचं हसू दुसऱ्या दिवशी मावळलं. पोरगी दूध हवं असलं तरी ‘अत्तुअली’ म्हणायला लागली, पडली तरी ‘अत्तुअली’. “असं नाही म्हणायचं, राणी. दूध म्हण. दूऽध,” लेक पुन्हा पुन्हा सांगायची आणि आजोबांकडे बघणं टाळायची. दुपारी ती पोरीला घेऊन बाहेर बागेत जायला लागली, तास न् तास.

पुढच्या खेपेला आल्या तेव्हा नात घडाघडा बोलत होती. चिमणी गेली, गाडी आली, मला नको. पलंगाशी ती गेली, आजोबा म्हणाले, “ॲक्चुअली.” तिने वाट बघितली. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. तिने आजीकडे वळून विचारलं, “आजोबा काय म्हणतात?” आणि उत्तर यायच्या आत खेळायला पळून गेली. तो बराच वेळ पलंगाच्या त्या कडेकडे बघत होता, जिथे ती उभी होती.

त्यानंतर थेरपिस्टने येणं थांबवलं. तिने आधी प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं की आता यापुढे फरक पडेल असं तिला वाटत नाही. जाताना तिचे डोळे भरून आले. हिचे आले नाहीत.

“माझ्या घराजवळ एक ठिकाण आहे,” लेक फोनवर म्हणाली. “चांगलं आहे, मी बघून आले. बाबांना तिथे ठेवू. तू माझ्याकडे ये.”

“नको.”

“का पण? तू झिजतेयस, आई. आरशात बघितलंयस का स्वतःला?”

“तिथे रोज नवी माणसं असतील,” ती म्हणाली. “प्रत्येक जण पहिल्यांदा विचारेल, ॲक्चुअली काय? आणि ते प्रत्येकाला नव्याने सांगायला जातील. मला नाही बघवणार. इथे निदान विचारणारं कोणी नाही.”

लेकीला हे उत्तर समजलं नाही. तिने परत परत विषय काढला आणि मग काढायचा सोडला.

सूर हळूहळू सपाट होत गेले. केव्हापासून, ते तिला सांगता आलं नसतं. आधी चढ-उतार असायचे, राग असायचा, लाडीगोडी असायची. नंतर सगळं एकाच पट्टीत. पाण्याला तेच, दुखण्याला तेच, कशालाच नाही तरी तेच. ती सवयीने उठायची, पाणी द्यायची, चादर ओढायची, पाठ फिरवायची. तो कधी पाणी प्यायचा, कधी तोंड मिटून घ्यायचा. एकदा तिने संध्याकाळी मशीन चालवता चालवता स्वतःच एक गोष्ट रचून सांगायचा प्रयत्न केला. एक माणूस आला आणि म्हणाला, माझ्या कोटाला तिसरी बाही लावून द्या. पुढे काही सुचेना. तिला ती विद्या नव्हती. तिने आत पाहिलं, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

परवाच एक बाई कोट घेऊन आली. नवं गिऱ्हाईक, मालकाने पत्ता देऊन पाठवलेली. कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि ही गुडघ्यांवर बसून खालची कड टाचत होती. आतून आवाज आला, “ॲक्चुअली.”

बाई सभ्य होती. आत कोणीतरी बोलायला लागलंय म्हणून ती हलायची थांबली, मान तिकडे वळवली आणि पुढचं ऐकायला थांबली. खाली रस्त्यावर एक गाडी मागे घेतल्याचा आवाज तेवढा आला. बाई अजून थांबलीच होती.

“ते काहीतरी म्हणताहेत वाटतं,” शेवटी ती म्हणाली.

हिने टाचणी कापडात खोचली. “नाही,” ती म्हणाली. “काही नाही म्हणत. तुम्ही सरळ उभ्या राहा. गुडघ्याच्या खाली ठेवू का वर?”

“खाली,” बाई म्हणाली.

“ॲक्चुअली,” आतून पुन्हा आलं. हिने दुसरी टाचणी घेतली आणि कड जराशी खाली ओढली.